मशिदीतली एकादशी

चौतीस वर्षे नागपुरातल्या शाळांतून संस्कृत शिकवून मी निवृत्त झालो, आणि पासष्टी ओलांडेपर्यंत मी एकाही मशिदीत पाऊल ठेवले नव्हते. कोणी अडवले नव्हते, घरी कधी कुणी मनाई केली नव्हती. जाण्याचे कारण पडले नाही, इतकेच. गेल्या पौषात ते पडले, आणि ते माझ्याच विषयाने पुरवले.

दर्गा मात्र आमच्या घराला परका नव्हता. आम्ही सक्करदऱ्याचे. कामठीत १८६१ साली जन्मलेले ताजुद्दीनबाबा नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात सोळा वर्षे होते आणि १९०८ साली रघुजीराजे भोसल्यांनी त्यांना तिथून सोडवून आपल्या सक्करदऱ्याच्या वाड्यात आणून ठेवले, ही हकीकत आमच्या गल्लीत पुराणातल्या कथेच्या भक्तीने सांगितली जात असे. बाबा १९२५ साली गेले. उमरेड रस्त्यावरच्या मोठ्या ताजबागेत माझी आजी गुरुवारी जात असे, उदबत्ती लावत असे, गुलाबाची फुले वाहत असे आणि तिथला प्रसाद पदराच्या टोकाला बांधून आम्हा नातवंडांसाठी आणत असे. दर्ग्यात काय करायचे हे आम्हाला ठाऊक असते, कारण देवळात जे करतो तेच तिथे करतो: वाकतो, वाहतो, मागतो, प्रसाद घेतो. मशिदीत यातले काहीच नाही. तिथे मूर्ती नाही, समाधी नाही, फूल वाहायला जागा नाही, आणि ज्याला नमाज पढायची नाही त्याने उभे राहून आपले हात कुठे ठेवायचे हेही कळत नाही. आमच्यासारख्यांची पावले दर्ग्याकडे सहज वळतात आणि मशिदीच्या दाराशी अडखळतात, त्यामागे वैरापेक्षा हा संकोच अधिक असावा, असे मला आता वाटते.

आमच्या शेजारी गणिताचे एक निवृत्त शिक्षक राहतात. ते मला ‘सर’ म्हणतात, मी त्यांना ‘सर’ म्हणतो. बावीस वर्षांच्या शेजारात आम्ही एकमेकांना दुसऱ्या कोणत्याही नावाने हाक मारलेली नाही. त्यांची सासुरवाडी बुऱ्हाणपूरची. एका संध्याकाळी ओट्यावर बसलो असताना ते म्हणाले, “सर, बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत तुमच्या भाषेतला एक लेख आहे. लग्न झाल्यापासून मी तो बघतो आहे. अक्षरे थोडीफार लागतात, अर्थ लागत नाही. तुम्ही एकदा चला आणि मला वाचून दाखवा.”

मला त्या लेखाविषयी ऐकून माहिती होती, पण मी तो कधी वाचला नव्हता, आणि याची मला मनापासून खंत वाटली. रायबहादुर हिरालाल यांनी त्याचे वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’ या कोरीव लेखांना वाहिलेल्या नियतकालिकाच्या नवव्या खंडात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी प्रसिद्ध केले आहे, मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या शिलालेखांची त्यांनी केलेली सूची तर १९१६ साली आमच्या नागपुरातच छापली गेली. ज्या शहरात मी जन्मभर संस्कृत शिकवले, त्याच शहरात ती सूची छापली जाऊन इतकी वर्षे झाली होती, आणि मी तिचे पान उलटले नव्हते. मी हिरालालांचे वाचन मिळवले, एका शंभर पानी वहीत स्वच्छ अक्षरात उतरवून घेतले, आणि आम्ही दोघे निघालो.

नागपूरहून बुऱ्हाणपूरला जाताना आम्ही भुसावळला गाडी बदलली. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनासाठी अर्धा डबा उतरला, उरलेल्या अर्ध्याने कचोऱ्या घेतल्या. भुसावळ सोडल्यावर रावेरच्या बाजूला रुळांच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा लागतात, आणि पुढे महाराष्ट्र केव्हा संपला हे शेतांकडे बघून सांगता येत नाही. बुऱ्हाणपूरच्या बाजारातही मराठी कानावर पडतेच.

मराठी माणसाच्या मनात बुऱ्हाणपूर हे नाव बहुधा लुटीशी जोडलेले असते. राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी १६८१ मध्ये, संभाजी महाराजांच्या फौजेने या शहराच्या पेठा लुटल्या, हे आम्ही शाळेत शिकलो आणि पुढे शिकवलेही. पुरंदरच्या तहातले मिर्झाराजे जयसिंग १६६७ साली इथेच वारले. तापीच्या काठी त्यांची छत्री आहे. मोगलांचे दक्षिणेतले ठाणे, एवढीच या गावाची ओळख माझ्या डोक्यात होती. मोगलांच्या आधी दोनशे वर्षे इथे फारुकी घराण्याचे खानदेशचे स्वतंत्र राज्य होते, याकडे मी कधी नीट लक्ष दिले नव्हते. त्या घराण्याने हे शहर वसवले आणि त्याला सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव दिले, ज्यांची कबर आपल्या खुलताबादेत आहे. ज्या राजाने जामा मशीद बांधली तो याच घराण्यातला आदिलशाह, म्हणजेच राजा अली खान. तो पुढे १५९७ साली गोदावरीकाठी सोनपेठच्या लढाईत मोगलांच्या बाजूने लढताना पडला. परभणी जिल्ह्यातले सोनपेठ हे. आमच्या एका विद्यार्थ्याचे गाव.

मशीद गांधी चौकात, भर बाजारात आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा दुपारच्या नमाजाची वेळ जवळ आली होती. शेजाऱ्यांनी मला आधीच सांगून ठेवले होते की शुक्रवारी दुपारी बाहेरच्या माणसाने आत जाऊ नये, इतर दिवशी दोन नमाजांच्या मधली वेळ साधावी, गुडघे झाकलेले असावेत, चपला दारातच सोडाव्यात, आणि कोणी नमाज पढत असेल तर त्याच्या समोरून आडवे जाऊ नये. डोक्याला मी रुमाल बांधला होता. दाराशी बसलेल्या वृद्ध गृहस्थांना शेजाऱ्यांनी सलाम केला आणि मी संस्कृतचा शिक्षक असून लेख पाहायला नागपूरहून आलो आहे असे सांगितले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, रुमालाची मागची गाठ सुटत होती ती स्वतः उठून घट्ट केली, आणि नमाज होईपर्यंत अंगणाच्या कडेला सावलीत बसा म्हणाले.

त्या अर्ध्या तासाबद्दल मला थोडे सविस्तर लिहिलेच पाहिजे, कारण इमारत मला तेव्हाच दिसली. मशीद म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे घुमट येतो. इथे घुमट नाही. दर्शनी भागात एका ओळीत पंधरा कमानी आहेत आणि त्या ओळीच्या दोन्ही टोकांना एकेक उंच मनोरा; मधे छताची सरळ रेघ. डोळा आधी घुमट शोधतो, तो सापडत नाही म्हणून थोडा वेळ चुकल्यासारखे होते, आणि मग ती पंधरा कमानींची ओळ आपोआप वाचता येऊ लागते, जशी अनुष्टुभाची चरणे मोजून मनात बसतात. लोक हौदावर हात, तोंड, पाय धुऊन आत जात होते. बाजारातला हमाल, सोन्याच्या दुकानातला मालक असावा असा एक गृहस्थ, शाळेच्या गणवेशातली दोन मुले अशी सगळी एका रांगेत, खांद्याला खांदा लावून उभी राहिली. सगळे एकदम वाकले तेव्हा कपड्यांची जी एकच सळसळ झाली ती अंगणाच्या या टोकापर्यंत ऐकू आली. मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो. हात कुठे ठेवायचे हा माझा प्रश्न कुणी विचारला नाही आणि मलाही नंतर तो आठवला नाही.

नमाज झाल्यावर आम्ही आत गेलो. आत गारवा होता. खांबांच्या रांगांवर दगडी छत पेलले आहे, त्यात कुठे लाकूड नाही. मक्केच्या दिशेची, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेची भिंत मेहराबांनी, म्हणजे कमानदार कोनाड्यांनी, भरली आहे, आणि त्यांच्या दगडी नक्षीत फुले, वेली आणि भूमितीच्या आकृत्या इतक्या बारकाईने कोरल्या आहेत की आमचे गणिताचे सर नेहमीप्रमाणे त्यातली सममिती मोजू लागले. या भिंतीच्या टोकाच्या मेहराबापाशी, अरबी मजकुराच्या जोडीला, देवनागरीतल्या ओळी आहेत.

पहिले शब्द वाचले आणि मी थांबलो. ‘श्रीसृष्टिकर्त्रे नमः’. वहीत मी ते उतरवले होते, पाठही झाले होते, तरी दगडावर ते पाहणे निराळे होते. आमच्या कितीतरी ग्रंथांचा आरंभ ‘श्रीगणेशाय नमः’ असा होतो, आणि इथल्या लेखकापुढे उघडच प्रश्न होता की मशिदीत आरंभाचे नमन कुणाला करायचे. त्याने तो एका चतुर्थी विभक्तीत सोडवला: सृष्टी करणाऱ्याला नमस्कार. त्यापुढचा श्लोक असा:

अव्यक्तं व्यापकं नित्यं गुणातीतं चिदात्मकम् ।
व्यक्तस्य कारणं वन्दे व्यक्ताव्यक्तं तमीश्वरम् ॥

जो अव्यक्त आहे, सर्वत्र व्यापून आहे, नित्य आहे, गुणांच्या पलीकडचा आहे, चैतन्य हेच ज्याचे रूप आहे, आणि जो व्यक्त सृष्टीचे कारण आहे, त्या व्यक्त आणि अव्यक्त ईश्वराला मी वंदन करतो. यातला एकही शब्द नवा नाही. प्रत्येक शब्द उपनिषदे आणि गीता यांच्या वाटेवरचा आहे. मूर्तीचा, अवताराचा, नावाचा उल्लेख येऊ न देता, मशिदीच्या मालकाला मान्य होईल आणि पंडितालाही आपल्या जिभेवर परके वाटणार नाही, असे नेमके शब्द त्याने आपल्याच भांडारातून निवडले. चौतीस वर्षे मी मुलांना ‘अव्यक्त’ आणि ‘गुणातीत’ यांचे अर्थ सांगितले. त्या शब्दांना हे काम करता येते, हे मला कुणी सांगितले नव्हते.

पुढे राजवंश येतो. चंद्र, सूर्य, तारे आकाशाच्या अंगणात आहेत तोवर हा फारुकी वंश पृथ्वीवर आनंदात नांदो, असा आशीर्वाद आहे, आणि मग पिढ्या मोजल्या आहेत. फारुकीन्द्र, हसनक्षितीश, मुबारखेन्द्र असे समास वाचताना माझ्यातला शिक्षक हरखून गेला. अरबी आणि फारसी नावांना पंडिताने संस्कृतची विभक्ती लावली, संधी केली, वृत्तात बसवले, आणि कुठेही ओढाताण जाणवत नाही. आदिलशाहाला तो ‘एदलशाह’ म्हणतो. आपल्या जुन्या मराठी कागदांतही विजापूरकरांना येदिलशाह असेच लिहिलेले सापडते. दोन्हीकडच्या कानांनी ते नाव जवळजवळ एकसारखे ऐकले. आणि मशिदीला शब्द आहे ‘मसीति’. स्त्रीलिंगी, इकारान्त. म्हणून ‘मसीतिरियं निर्मिता’, ही मशीद बांधली गेली. मराठीतही मशीद ‘ती’च.

वृद्ध गृहस्थ आमच्या मागे येऊन उभे होते. ते हिंदीत म्हणाले, की या दगडावरची धूळ मी कित्येक वर्षे पुसतो आहे, यात ‘मस्जिद’ हा शब्द कुठे आहे ते मला दाखवा. मी बोट दगडाला न टेकवता ती तीन अक्षरे दाखवली. त्यांनी ती जवळून पाहिली, ओठांतल्या ओठांत दोनदा उच्चारली, आणि मग पूर्ण लेख मोठ्याने वाचा असे मला सांगितले. मशिदीत उभे राहून संस्कृत श्लोक म्हणावा की नाही, अशी क्षणभर शंका मनात आली. पण सांगणारे त्या घरचे होते, आणि श्लोक तर त्या भिंतीचाच होता. मी वाचला. दगडी छताखाली अनुष्टुभ फार चांगले ऐकू येते.

त्या राजाने ही मशीद कशासाठी बांधली, याचे उत्तर लेखात एका समासात दिले आहे: ‘स्वधर्मपालनार्थम्’. आपला धर्म पाळण्यासाठी. ‘स्वधर्मे निधनं श्रेयः’ हा गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला चरण मी दर वर्षी शिकवला आहे. प्रत्येक वेळी स्वधर्म म्हणजे काय हे समजावताना मी क्षत्रियाचे कर्तव्य, अर्जुनाचे कर्तव्य असे सांगत आलो. या पंडिताने तोच शब्द एका मुसलमान राजाच्या ईश्वरभक्तीसाठी वापरला आणि त्यासाठी कोणतेही स्पष्टीकरण दिले नाही. त्याला ते द्यावेसे वाटले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

पण ज्या ओळीपाशी आम्ही दोघे सर्वांत जास्त वेळ रमलो ती काळाची ओळ होती. अरबी लेखात हिजरी ९९७ हे वर्ष आहे. संस्कृत लेखात विक्रम संवत् १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष मास, शुक्ल पक्ष. दशमी २३ घटी, नंतर एकादशी; सोमवार; कृत्तिका ३३ घटी, नंतर रोहिणी; ‘शुभ’ नावाचा योग ४२ घटी; वणिज करण, म्हणजे तिथीचा तो अर्धा भाग; रात्रीच्या ११ घटी उलटलेल्या असताना कन्या लग्न, म्हणजे पूर्वेला कन्या रास उगवत असण्याची वेळ. तेव्हाच्या इंग्रजी कालगणनेप्रमाणे हा दिवस ५ जानेवारी १५९० येतो. आम्ही दोघे अंगणात येऊन बसलो आणि वही उघडली. घटी म्हणजे चोवीस मिनिटे. “अकरा चोक चव्वेचाळीस, अकरा दुणे बावीस, दोनशे चौसष्ट मिनिटे,” शेजारी म्हणाले, “म्हणजे सूर्यास्तानंतर चार तास चोवीस मिनिटे.” जानेवारीत तिथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे रात्रीचे दहा वाजून गेले होते. दशमी दुपार उतरताना संपली होती, कृत्तिका रात्रीच्या सुरुवातीला संपली होती, शुभ योग अजून चालू होता. आम्ही पडताळून पाहिले: सूर्य मकरेत असताना त्या वेळी पूर्वेला कन्या रासच उगवत असायला हवी. पौष शुद्ध एकादशीला चंद्र रोहिणीच्या आसपासच असतो, आणि त्या एकादशीच्या पूर्वार्धात करण वणिजच असते. पडताळलेली प्रत्येक गोष्ट जुळली.

पंचांगाचे हे सात तपशील एखाद्या दरबारी भाटाने शोभेसाठी भरलेले नव्हते. ते कुणीतरी खरोखर मोजले होते. तापीकाठच्या थंडीत, रात्री दहानंतर, पाण्यात घटीपात्र बुडण्याची वाट बघत बसलेला तो ज्योतिषी मला स्पष्ट दिसू लागला. दुसऱ्या दिवशी त्याचा पुत्रदा एकादशीचा उपास असेल. मुहूर्त चुकू नये म्हणून तो जागा होता, आणि मुहूर्त होता मशिदीचा. त्याने मोजलेला क्षण दुसऱ्या कुणी श्लोकांखाली लिहिला, तिसऱ्याने दगडात कोरला, आणि अकबराने असीरगड जिंकून १६०१ साली फारुकींचे राज्य संपवले तरी तो पुसला गेला नाही. अकबराच्या स्वारीचा फारसी लेखही याच मशिदीत आहे, मीर मुहम्मद मासूम याने केलेला. त्याने आपला मजकूर जोडला. आधीचा काढला नाही.

इतर स्थळांविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण खरे सांगायचे तर माझे मन त्या ओळींतच अडकले होते. जामा मशिदीहून जुनी असलेली बीबी की मशीद गुजरातच्या शैलीची आहे आणि पडझड झालेली असूनही तिचे मनोरे पाहावेत असे आहेत. दाऊदी बोहरा समाजाच्या दर्गा-ए-हकीमीचा परिसर इतका स्वच्छ आणि शांत आहे की तिथे आवाज आपोआप खाली येतो. गुरू गोविंदसिंग १७०८ साली नांदेडला जाताना इथे थांबले होते, त्या स्थानी बडी संगत गुरुद्वारा आहे. तिथे आम्हाला आग्रहाने जेवू घातले. नदीपलीकडे झैनाबादेत आहुखाना आहे. मुमताज महल १७ जून १६३१ रोजी बुऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात गेली आणि आग्र्याला नेईपर्यंत काही महिने तिला तिथेच पुरले होते. तिथे आज फारसे कुणी येत नाही. मोडक्या भिंती आणि वाढलेले गवत पाहून शेजाऱ्यांनी उभ्याउभ्याच फातिहा म्हटला, आणि मी त्यांच्या बाजूला उभा राहिलो.

संध्याकाळी त्यांच्या सासुरवाडीला गरम मांडे आणि बाजारातून आणलेली माव्याची जिलेबी झाली. त्यांच्या मेहुण्यांच्या घरातली पोरे वही बघायला जमली. “काका, यात आपली तारीख कुठे आहे?” असे धाकट्या मुलीने विचारले, तेव्हा तिच्या आजोबांनी हिजरीचे वर्ष सांगितले, मी शकाचे सांगितले, आणि गणिताच्या सरांनी दोन्हींमधून इसवी सन काढून दाखवला.

असीरगड राहून गेला. बुऱ्हाणपूरपासून तो साधारण वीस किलोमीटरवर आहे, आणि गडावर याच राजाने बांधलेली दुसरी जामा मशीद आहे. तिच्यातही संस्कृत लेख आहे. माझ्या गुडघ्यांना एका दिवसात दोन्ही जमले नसते. पावसाळा सरला की आम्ही पुन्हा निघणार आहोत, आणि वहीची उरलेली पाने मी त्यासाठी कोरी ठेवली आहेत.